जलाशयावरच्या मासळीच्या नोंदी गुप्त कशा ठेवायच्या: काठावर नव्याने वही घेऊन बसणाऱ्यांसाठी

खान्देशातली मासेमारी म्हणजे धरणांचं आणि बॅरेजचं पाणी. हतनूर, वाघूर, अनेर, तापीवरचे सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा, नवापूरकडे उकाईचा फुगवटा, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत शिरलेलं सरदार सरोवर. या पाण्यावर मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत भोई, कोळी, भिल्ल, पावरा, मावची समाजातली माणसं मासे धरतात. कोणीतरी वही घेऊन काठावर बसतं आणि लिहितं: आज कुठली होडी, कुठलं जाळं, किती किलो कटला, किती रोहू, किती मृगळ. पुढच्या पावसाळ्यात किती बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडायची, जाळ्याचा आस (जाळ्याच्या डोळ्याचं माप) किती ठेवायचा, कुठल्या महिन्यात पाण्याला विसावा द्यायचा, हे या वहीवरून ठरतं.

वहीतले आकडे फुटतात अशी शंका आली की मासेमार कमी सांगायला लागतो. चाळीस किलोचे पंचवीस होतात. तीन वर्षं असं चाललं की कागदावर तलाव रिकामा होतो, पाण्यात मात्र मासा असतो, आणि बीज सोडण्याचा सगळा हिशेब चुकतो. म्हणून गोपनीयता हा उपकार समजू नका. आकडा खरा मिळावा यासाठीच ती पाळायची.

आकडा ज्याला हवा असतो तो बहुतेक वेळा ओळखीचाच माणूस निघतो. शेजारचा होडीवाला, ज्याच्याकडून उचल घेतली आहे तो व्यापारी, किंवा जलाशयातल्या मासेमारीच्या पुढच्या ठेक्यावर डोळा ठेवून बसलेला कुणी. त्याला वहीत नाव दिसायचीही गरज नसते. ‘पूर्वेचा काठ, गळाने, दोन मरळ’ एवढं वाचलं तरी तो माणूस ओळखतो, कारण पूर्वेच्या काठावर गळ टाकणारा एकच आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत. नाव खोडणं सोपं आहे, ओळख पुसणं अवघड.

पहिली पायरी: काय झाकायचं आणि काय झाकायचं नाही

झाकायच्या गोष्टी या: एका होडीचा किंवा एका माणसाचा माल, त्याने जाळं नेमकं कुठे टाकलं ती जागा, त्याला मिळालेला भाव, माल कोणाला दिला, व्यापाऱ्याची उचल किती बाकी आहे, आणि आधार, बँक खातं, मोबाइल, जात यांसारखी व्यक्तिगत माहिती. यातली जागा सगळ्यात नाजूक. धरणाखाली बुडालेलं नदीचं जुनं पात्र, पाण्यात गेलेली विहीर, झाडांची खोडं जिथे उभी आहेत तो भाग, ही ज्ञानाची पुंजी त्या माणसाने वर्षानुवर्षं जाळी फाडून घेत कमावलेली असते.

आता उलट बाजू. जलाशयाचं वर्षाचं एकूण उत्पादन, सोडलेल्या बोटुकलीची संख्या, ठेक्याची रक्कम, संस्थेचा लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सदस्यांची नोंदवही, या गोष्टी सभासदांपासून झाकायच्या नसतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद, सदस्य नोंदवही, सभांची कार्यवृत्तं आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी संस्थेच्या कार्यालयात फुकट पाहता येतात. बोटुकलीचा हिशेब विचारला की ‘ते गोपनीय आहे’ म्हणणारे सचिव भेटतात. ती गोपनीयता नव्हे, लपवाछपवी. तिच्यामुळे खऱ्या गोपनीयतेवरचाही विश्वास उडतो.

कलम ३२ मधलं ‘स्वतःच्या’ हे लक्षात ठेवा. सभासदाला त्याची नोंद दाखवताना शेजाऱ्याची दिसता कामा नये, आणि इथेच नेहमीची वही हरते.

दुसरी पायरी: वहीऐवजी सुटी नोंदपावती

रोजची वही एकाखाली एक भरत जाते. एकाला त्याची ओळ दाखवली की त्याला वरच्या नऊ आणि खालच्या सहाही दिसतात. म्हणून दर होडीला, दर दिवशी एक सुटी पावती ठेवा. ए-फोर कागदाचा चौथा भाग पुरतो. पावती भरली की लगेच वरून चीर असलेल्या कुलपाच्या डब्यात टाकायची. देणगीपेटी असते तसला पत्र्याचा डबा चालतो. डबा काठावर उघडायचा नाही, कार्यालयात उघडायचा. तिथे दर क्रमांकाची (नावाऐवजी क्रमांक कसा द्यायचा ते तिसऱ्या पायरीत) वेगळी फाइल असते आणि पावती तिच्यात जाते. सभासद आला की त्याचीच फाइल काढून समोर ठेवता येते.

पावतीवर रकाने किती असावेत? नवा माणूस नेहमी जास्त रकाने आखतो. प्रत्येक रकान्यापुढे स्वतःला विचारा की या आकड्यावरून कुठला निर्णय घ्यायचा आहे. उत्तर सुचलं नाही तर रकाना काढा. साधारण एवढं पुरतं: क्रमांक, तारीख, पाण्याचा पट्टा (आठवी पायरी बघा), जाळ्याचा प्रकार आणि आस मिलिमीटरमध्ये, जाळं पाण्यात किती तास होतं, जातवार वजन, आणि माल कोणत्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला गेला (व्यापारी, संस्था, गावात किरकोळ).

तासांचा रकाना बघा. ‘संध्याकाळी ५ ते पहाटे ५’ असं न लिहिता ‘१२ तास’ लिहा. मेहनतीच्या हिशेबाला दोन्ही सारखेच, पण पहिल्यावरून माणूस पाण्यावर केव्हा असतो आणि त्याची जाळी राखणीविना केव्हा असतात हे कळतं. आधार क्रमांक, जात, खातं क्रमांक यांचं नोंदपावतीवर काहीच काम नाही. ते योजनेच्या अर्जात जातात, आणि अर्जाची फाइल वेगळ्या कपाटात. उचलीचा आकडा तर कुठेच लिहू नका. तो संशोधनासाठी खरंच हवा असेल तर स्वतंत्र, बिननावी प्रश्नावली करून विचारा.

तिसरी पायरी: नावाच्या जागी क्रमांक

क्रमांक देताना सगळ्यात जास्त चुका होतात. १ ते ४० असे ओळीने दिले की ते सदस्य नोंदवहीच्या क्रमाशी जुळतात, आणि ती नोंदवही कोणीही सभासद बघू शकतो. नावाची आद्याक्षरं दिली की पहिल्याच दिवशी ओळखू येतात. गावाचं अक्षर पुढे लावलं की काम अर्धं सोपं झालं, कारण एकेका गावातून तीन-चारच होड्या असतात. होडीचा क्रमांक तर काठावर सगळ्यांना पाठ असतो.

बरोबर रीत जुनीच आहे, चिठ्ठ्या टाकायच्या. १०० ते ९९९ मधले कोणतेही क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहा. ४० सभासद असतील तर ६० चिठ्ठ्या करा, म्हणजे नव्या सभासदांसाठी २० उरतील आणि नवा माणूस वेगळ्या मालिकेवरून ओळखू येणार नाही. मडक्यात हलवून प्रत्येकाने एक उचलायची. ज्यांच्याकडे नोंदणीची होडी नाही, जे थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा टायरच्या ट्यूबवर जातात, त्यांनाही याच मडक्यातून. त्यांचा वेगळा गट केला की गटच ओळख होऊन बसतो.

नाव आणि क्रमांक यांची जोडयादी एकाच कागदावर, हाताने लिहिलेली. फोटो नाही, झेरॉक्स नाही, संगणकात तर मुळीच नाही. कागद लिफाफ्यात, लिफाफ्याच्या तोंडावर यादी सांभाळणाऱ्या दोघांच्या सह्या अशा की उघडला तर सही तुटेल, आणि लिफाफा कुलपात. दोघांपैकी एकजण मासे न धरणारा असावा. चेअरमन स्वतः होडीवाला असतो, कधी त्याचाच भाऊ माल घेणारा असतो. त्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, पण सगळे क्रमांक एकट्या त्याला माहीत असले तर बाकीचे खरं सांगणार नाहीत.

चौथी पायरी: सांगून घ्या

नोंद सुरू करण्याआधी प्रत्येकाला चार गोष्टी तोंडी सांगा: काय लिहिणार, कशासाठी, कोण बघणार, आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. शेवटची गोष्ट खरी असायला हवी. नोंद न दिल्यास जाळ्याचं अनुदान अडेल असं कोणी वर बोललं असेल, तर त्या संमतीला अर्थ उरत नाही.

भाषा कोणती? डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळायची सोय आहे. त्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. मराठी आहे, अहिराणी, भिली, पावरी नाहीत. म्हणून कागद मराठीत ठेवा आणि बोला त्यांच्या भाषेत. तळोदा-धडगावकडे पावरी येणारा माणूस बरोबर घ्या, मात्र तो त्याच काठावरच्या व्यापाऱ्याकडे कामाला नसावा. अहिराणी मुलखात ‘कोणले सांगाव नही’ एवढे तीन शब्द छापील अर्धं पान वाचून दाखवण्यापेक्षा जास्त काम करतात. म्हणून ते शब्द फक्त पाळता येतील तिथेच वापरा. ‘कोणालाच दाखवणार नाही’ असं सांगून महिन्याच्या महिन्याला वर अहवाल पाठवायचा असेल तर तसं आधी सांगा: एकूण आकडा जाईल, तुमचा एकट्याचा जाणार नाही.

कायद्याबद्दल आणखी थोडं. कागदावरची नोंद या कायद्यात येत नाही, पण तिचा फोटो काढला किंवा ती एक्सेलमध्ये भरली की येते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. निव्वळ आकडेवारी आणि संशोधनासाठी घेतलेल्या माहितीला कलम १७ मध्ये सवलत आहे, अट अशी की त्या माहितीवरून त्या ठरावीक माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही. म्हणजे तुमच्या नोंदपावत्यांवरून कोणी लाभार्थ्यांची यादी काढायला बसलं, की सवलत गेली. अर्जाची फाइल वेगळ्या कपाटात ठेवा म्हटलं त्याचं हे दुसरं कारण.

पाचवी पायरी: काठावर

वजनकाट्याजवळ मोठ्याने आकडा पुकारायची सवय असते. काटेवाला ‘अठ्ठावीस पाचशे!’ ओरडतो, तुम्ही लिहिता आणि बाकी दहाजण ऐकतात. डिजिटल काट्याचा दर्शक तुमच्याकडे वळवून ठेवा आणि पुकारा बंद करा. व्यापारी समोर असताना भाव विचारू नका. तो ऐकतो आणि मासेमारही त्याच्यासमोर खरा भाव सांगत नाही. भावासाठी दुसऱ्या दिवशी, माल गेल्यावर विचारा.

पावत्या बॉलपेननेच भरा, जेलची शाई ओल्या हाताने पसरते आणि मग ‘परत सांगा’ करत आकडा पुन्हा सगळ्यांसमोर येतो. कार्बन लावत असाल तर कार्बन कागदही डब्यात टाका. एकदाच वापरलेल्या कार्बनवर अख्खी पावती वाचता येते. बर्फाच्या पेटीवर पावतीपुस्तक उघडं ठेवून चहाला जाणं ही नोंदी फुटण्याची सगळ्यात साधी आणि सगळ्यात नेहमीची वाट.

सहावी पायरी: फोन आणि फोटो

नोंदपावतीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, ही पद्धत जिथे चालू असेल तिथे आधी ती थांबवा. ग्रुपवर आलेला फोटो बहुतेकांच्या गॅलरीत आपोआप उतरतो आणि तिथून त्यांच्या क्लाउडवरच्या (इंटरनेटवरच्या) साठ्यात जातो. तुम्ही नंतर ‘सगळ्यांसाठी हटवा’ केलंत तरी त्या प्रती राहू शकतात.

माशांचे फोटो काढावे लागतात, जात ओळखायला. त्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जागेची खूण बंद करा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली जागेची माहिती गळून पडते, पण तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की ती जशीच्या तशी जाते. अधिकाऱ्याला स्पष्ट फोटो हवा म्हणून लोक डॉक्युमेंटच निवडतात. चौकटीत काय येतंय हेही बघा. मागे जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), पूल, देवळाचा कळस किंवा सातपुड्याची ओळखीची कड आली की कुठलंही यंत्र न लावता जागा कळते. मासा मोजपट्टीवर, खाली गोणपाट, वरून फोटो. धरणाऱ्याचे हातही नकोत, हातातलं कडं गावाला माहीत असतं.

सातवी पायरी: संगणक

एक्सेलमध्ये रकाना लपवला म्हणजे तो गेला नाही, उजवं बटण दाबून कोणीही परत उघडतो. ‘प्रोटेक्ट शीट’ हे बदल रोखायला आहे, वाचन रोखायला नाही. फाइल उघडायलाच पासवर्ड लागेल असं करायचं तर फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड. पासवर्ड त्याच मेलमध्ये पाठवू नका, फोन करून सांगा.

सर्वात फसवं प्रकरण पिव्होट टेबलचं, म्हणजे एक्सेल आपोआप काढून देतं त्या सारांश-तक्त्याचं. सारांश दिसतो देखणा, पण खाली मूळ ओळींची साठवण त्याच फाइलमध्ये असते. आकड्यावर दोनदा टिचकी मारली की त्यामागच्या सगळ्या ओळी नव्या पानावर उघडतात. म्हणून बाहेर द्यायचा तक्ता कोऱ्या फाइलमध्ये पेस्ट स्पेशल, व्हॅल्यूज करून न्या, मगच पाठवा. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचं अक्षर निवडून उचलता येतं. नाव मूळ फाइलमधून काढा आणि नवी पीडीएफ करा.

तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात छपाई करायची वेळ आली, तर फाइल त्यांच्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहते. छापून झाल्यावर तिथेच उभं राहून ती पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा. मेल उघडली असेल तर बाहेर पडा. सभासदांची आधारची प्रत संस्थेच्या फाइलला हवीच असेल तर झाकलेलं आधार घ्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आठवी पायरी: जागा किती बारीक सांगायची

फोनमधला जीपीएस अंशाच्या पुढे सहा दशांश स्थळं दाखवतो. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किलोमीटर. तेव्हा दोन दशांश म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, तीन म्हणजे ११० मीटर, चार म्हणजे ११ मीटर. रेखांशाचा अंश आपल्या २१ अंश अक्षांशावर थोडा आखूड, सुमारे १०४ किलोमीटर. चार दशांश दिले म्हणजे जाळ्याचा बोयाच (तरंगती खूण) दाखवला.

मग दोन दशांशांवर थांबलं की झालं का? हतनूरसारख्या पसरट पाण्यावर चालून जाईल. सारंगखेडा-प्रकाशाला नाही, कारण तिथे पाणी नदीच्याच पात्रात अडवलेलं, लांबट आणि अरुंद. तिथे एका किलोमीटरच्या तुकड्यात एखादीच होडी असते. अशा ठिकाणी जीपीएस सोडून द्या आणि पाण्याचे पट्टे पाडा. पट्टा एवढा मोठा घ्या की सगळ्यात मंदीच्या महिन्यातही त्यात किमान तीन वेगवेगळ्या घरांच्या होड्या असतील. पट्ट्यांना नावं लोकांच्या तोंडची देऊ नका, ‘बुडीत विहिरीचा पट्टा’ असं छापलंत तर पट्टा पाडून फायदा काय? ‘प १’, ‘प २’ पुरे.

नववी पायरी: तक्ता छापण्याआधी

समुद्रातल्या मासेमारीचे आकडे सांभाळणाऱ्यांकडून एक नियम घेण्यासारखा आहे. अमेरिकेत १९७६ च्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्याखाली बोटवाल्यांनी दिलेली माहिती गोपनीय असते, आणि ती बाहेर देताना तिथे तिघांचा नियम पाळतात: किमान तीन वेगळ्या बोटी किंवा तीन वेगळे खरेदीदार ज्यात मिसळले आहेत तेवढाच आकडा दाखवायचा. तीनच का, हे उदाहरणाने बघा.

समजा एका जलाशयावर जानेवारीत तीन काठांवर माल उतरला. काठ अ वर ९ होड्या, १,८४० किलो. काठ ब वर ६ होड्या, १,१२० किलो. काठ क वर २ होड्या, ४१० किलो. एकूण १७ होड्या, ३,३७० किलो. क च्या दोघांपैकी एकाचा स्वतःचा माल २६० किलो आहे. तक्ता हातात आला की तो ४१० मधून २६० वजा करतो आणि शेजाऱ्याचे १५० किलो त्याला कळतात. दोघे असले की एकमेकांना उघडे पडतात. तीन असले की वजाबाकी करून उरलेल्या दोघांची बेरीजच हाती येते.

आता नवा माणूस काय करतो? क च्या जागी फुली मारतो आणि बाकी तसंच ठेवतो. मग ३,३७० वजा १,८४० वजा १,१२०, पुन्हा ४१०. तक्त्यातला एक चौकोन झाकला की बेरजेतून तो परत निघू नये म्हणून आणखी एक झाकावा लागतो, किंवा दोन चौकोन एकत्र करावे लागतात. एकत्र करणं चांगलं: ‘ब आणि क, ८ होड्या, १,५३० किलो’. फुल्यांनी भरलेला तक्ता वाचणाऱ्याला नुसता संशय देतो.

तीन मोजताना घरं मोजा, होड्या नाही. बाप आणि दोन मुलांच्या तीन होड्या म्हणजे एकच घर. भावाच्या तक्त्यात खरेदीदार मोजा: सात होड्या असल्या तरी माल एकाच व्यापाऱ्याला गेला असेल तर छापलेला सरासरी भाव हा त्या व्यापाऱ्याचा खासगी भाव आहे. आपल्याकडे एका काठावर एक-दोनच व्यापारी येतात, त्यामुळे काठवार भाव छापणं बहुतेक वेळा जमतच नाही. जिल्हावार द्या.

तीन पुरे झाले तरी एक भोक उरतं. समजा चार होड्या, माल ७००, ६०, ५० आणि ४०, एकूण ८५०. साठवाला आपले ६० वजा करतो, ७९० उरतात. मोठ्या जाळ्याचा माणूस कोण हे त्याला माहीत आहे, म्हणजे त्याचा माल फार तर ७९०. खऱ्या ७०० पासून हा अंदाज १३ टक्क्यांच्याही आत आहे. म्हणून दुसरी कसोटी लावा: सगळ्यात मोठे दोन सोडून बाकीच्यांची बेरीज करा. ती सगळ्यात मोठ्याच्या १५ टक्क्यांपेक्षा कमी भरली तर आकडा देऊ नका. इथे बाकी ९०, आणि ७०० चे १५ टक्के १०५. नापास. १५ ऐवजी २० घेतलेत तरी चालेल, पण ठरवलेला टक्का कोणाला सांगत फिरू नका, त्यावरूनही उलटा हिशेब करता येतो.

आणखी दोन सापळे. पहिला वेळेचा: ‘एप्रिल ते डिसेंबर’ असा अहवाल दिला आणि पुढच्या महिन्यात ‘एप्रिल ते जानेवारी’ दिला, की दोन्हींची वजाबाकी म्हणजे एकटा जानेवारी. प्रत्येक तक्ता एकटा निर्दोष असतो, जोडीने फुटतो. मे महिन्यात पाणी खाली जातं, दोन-तीनच होड्या उरतात, तेव्हा हे हमखास होतं. आधी दिलेल्या तक्त्यांची प्रत शेजारी ठेवूनच नवा काढा, आणि महिन्याऐवजी तिमाही द्या. दुसरा सापळा जातींचा. कटला-रोहू सगळ्यांकडे असतो, मरळ किंवा वाम एखाद्याच गळवाल्याकडे. मूळ नोंदीत जात नक्की लिहा, पाण्याचा तोल तिच्यावरूनच कळतो. छापताना मात्र ती ‘इतर’मध्ये घाला. दुर्मीळ मासा कुठल्या डोहात सापडला हे तर मासेमाराच्या नाही, माशाच्याच जिवासाठी झाका.

आकडा जवळच्या दहावर गोल केला की सुरक्षित होतो असं काहींना वाटतं. ४१० चे ४१० च राहतात.

दहावी पायरी: मागायला येतील तेव्हा

मत्स्यव्यवसाय विभागाला ठेक्याच्या अटींप्रमाणे जे द्यायचं ते द्यायचंच, पण अट एकूण उत्पादनाची असेल तर सोबत क्रमांकवार यादी जोडायचा उत्साह नको. विद्यार्थी किंवा संस्था आली तर लेखी घ्या: कशासाठी, कोण बघणार, केव्हा पुसणार. जोडयादी त्यांना देऊच नका, आणि तुमचे क्रमांकही बदलून द्या, म्हणजे दोन वेगळ्या अभ्यासांचे तक्ते जुळवून माणूस सापडणार नाही. बँक किंवा विमा कंपनीला माल किती हे हवं असेल तर त्या सभासदाच्या लेखी मागणीवर त्याची एकट्याची नोंद त्याच्याच हातात द्या, त्याने पुढे द्यावी. पोलिस किंवा न्यायालयाचा आदेश आला तर लेखी आदेश बघून त्यात मागितलेलंच द्या आणि काय दिलं याची नोंद ठेवा.

माहितीच्या अधिकाराचा गोंधळ फार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं की सहकारी संस्था केवळ सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून ‘सार्वजनिक प्राधिकरण’ (या कायद्याखाली माहिती द्यायला बांधील) ठरत नाही. सरकारचा भरीव निधी किंवा खरं नियंत्रण असेल तर गोष्ट वेगळी. पण तुमच्या संस्थेतून जो कागद सरकारी कार्यालयात गेला, त्यासाठी तिथे अर्ज येऊ शकतो. तिथे २००५ च्या कायद्याचं कलम ८ मधलं व्यापारी गुपिताचं आणि व्यक्तिगत माहितीचं संरक्षण आहे. त्याहून कामाचं कलम ११: बाहेरच्याने दिलेली आणि गोपनीय मानलेली माहिती उघड करण्याचा विचार असेल तर माहिती अधिकाऱ्याने अर्ज आल्यापासून ५ दिवसांत त्या बाहेरच्याला कळवायचं, आणि त्याला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात. हे तुमच्या बाजूने चालावं म्हणून पाठवताना प्रत्येक पानावर ‘गोपनीय, त्रयस्थ पक्षाची माहिती’ असा शिक्का मारा. नुसत्या सोबतच्या पत्रावर मारला तर पत्र एका फाइलला आणि तक्ता दुसऱ्या फाइलला लागतो, मग शिक्का कशाचा होता ते कोणालाच कळत नाही. जोडून लिहा की कलम १० प्रमाणे एकूण आकडे वेगळे काढून द्यायला हरकत नाही.

फुटलंच तर

आधी वाट बंद करा: फाइल काढा, ग्रुपवरचा संदेश हटवा, पासवर्ड बदला, हरवलेल्या फोनचं सिम बंद करा. मग ज्यांची माहिती गेली त्यांना त्याच दिवशी स्वतः सांगा, काय गेलं आणि काय गेलं नाही. बाजारात दुसऱ्याकडून कळलं तर तो पुन्हा खरा आकडा देणार नाही. व्यक्तिगत माहिती फुटली असेल तर नव्या नियमांत माहिती संरक्षण मंडळाला तपशीलवार कळवायला ७२ तासांची मुदत आहे, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. फुटलेले क्रमांक पुन्हा वापरू नका. नवं मडकं, नव्या चिठ्ठ्या, नवी जोडयादी.

जुन्या पावत्यांचं

हिशेबाची कागदपत्रं लेखापरीक्षणासाठी ठेवावीच लागतात, त्यांना हात लावू नका. नोंदपावत्यांचा काळ मात्र सुरुवातीलाच ठरवून ठेवा: आकडे संगणकात गेले, दुसऱ्या माणसाने ताडून बघितले, वार्षिक तक्ता मंजूर झाला, की पावत्यांचं काम संपलं. त्या रद्दीत घालू नका. रद्दीवाल्याकडचा कागद बाजारात पुड्या बांधायला जातो, आणि तो बाजार त्याच गावाचा असतो. उभे-आडवे बारीक तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा आणि सकाळी लगदा पिळून उकिरड्यावर टाका. जाळायचं असेल तर सुटे सुटे जाळा, कारण गठ्ठा पेटवला तर कडा जळतात आणि मधली पानं वाचता येतात. जोडयादी शेवटी, तीही दोन्ही सह्यावाल्यांसमोर, आणि नष्ट केल्याची तारीख सभेच्या वहीत लिहा.